कोटेशनचे वाचन : संगणकाचे सुटे भाग आणि औचित्यविचार



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकास बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील बोलीवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी संगणकाच्या सुट्या भागांची निवड हा विषय घेतला आहे, तेव्हा त्याचे कारण प्रथम सांगणे उचित होय. माझे सारे आयुष्य पाठ वाचण्यात आणि वाचायला शिकवण्यात गेले. हस्तलिखितात काय लिहिले आहे याइतकेच काय लिहिलेले नाही हेही पाहावे लागते, एखादा प्रत्यय गळला की अर्थ कसा पालटतो, हे सांगण्यात माझी वर्षे सरली. गेल्या काही वर्षांत निपाणी, चिकोडी, खानापूर या बाजूची माजी विद्यार्थ्यांची मुले बेळगावात अभियांत्रिकी शिकू लागली, आणि दुकानदाराने दिलेली कोटेशने घेऊन त्यांचे पालक माझ्याकडे येऊ लागले. ही कोटेशने वाचण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. पाठचिकित्सेची सवय मात्र फार उपयोगी पडते.

अशाच एका कोटेशनच्या आधाराने मी विषय मांडतो. निपाणीजवळ तंबाखू करणारा माझा एक जुना विद्यार्थी. त्याच्या मुलाला बेळगावात संगणकशाखेत प्रवेश मिळाला आणि शहापुरात आत्याकडे त्याची राहण्याची सोय झाली. (मूल वसतिगृहात राहणार असेल, सुटीला सामान बांधून घरी येणार असेल, तर लॅपटॉपच घ्यावा, पुढचे विवेचन त्याच्यासाठी नाही.) वडिलांनी हंगामाच्या पैशातून एक रक्कम बाजूला काढली होती. ज्यांनी तंबाखूची लागण, खुडणी, वाळवणी पाहिली आहे त्यांना त्या रकमेचे मोल सांगावे लागणार नाही. मुलाला अभ्यासाबरोबर गेम खेळायचे होते, वडिलांना गेम या शब्दाचीच धास्ती होती, आणि दोघांच्या मध्ये एका दुकानाचा हा कागद होता : आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, २७ इंची मॉनिटर. खाली बेरीज. दुकानाचे नाव येथे अप्रस्तुत आहे, कारण असे कागद कोठेही मिळतात.

पहिल्याच शब्दापाशी थांबू. आय-सेव्हन हे नाव इंटेलने २००८ मध्ये आणले. तेव्हापासून त्या नावाखाली कितीतरी पिढ्यांचे प्रोसेसर निघाले. पिढी कळते ती पुढच्या अंकावरून. आणि नेमका तोच अंक कोटेशनात नव्हता. विचारल्यावर कळले की तो आय-सेव्हन ३७७०, म्हणजे तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा, चार गाभ्यांचा. त्याच्याबरोबर येणारी रॅमही जुन्या डीडीआर३ जातीची. विंडोज १० ची नियमित सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांस अधिकृत मान्यता देत नाही. म्हणजे मुलाच्या शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी त्याचे यंत्र सेवानिवृत्त! मी हे सांगत असता वडील म्हणाले, "पर सर, सेव्हन म्हंजे फाइव्हपरास मोठंच की ओ." हा भ्रम सार्वत्रिक आहे. २०२२ च्या आरंभी आलेला आय-फाइव्ह १२४०० सहा गाभ्यांचा आहे आणि त्या दहा वर्षे जुन्या सेव्हनला तो प्रत्येक कामात मागे टाकतो. पाच आणि सात हे आकडे एकाच पिढीतील भावंडांची उतरंड सांगतात. आजोबा आणि नातवाची तुलना त्यांवरून करता येत नाही.

अंकानंतर प्रत्यय. १२४०० च्या मागे 'एफ' लागला तर त्या प्रोसेसरात चित्र उमटवणारा भाग नसतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावाचून पडद्यावर काहीच दिसणार नाही. 'के' लागला तर त्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवण्याची मुभा असते, जिची महाविद्यालयीन मुलास गरज नाही. एएमडी कंपनीच्या रायझन मालिकेत 'जी' हा प्रत्यय अर्थपूर्ण आहे : रायझन ५ ५६०० ला स्वतंत्र कार्ड लागते, ५६००जी ला लागत नाही. एका अक्षराने वाक्याचा कर्ता बदलावा, तसा हा प्रकार. तेव्हा कोटेशनात प्रोसेसरचे पूर्ण नाव, अंक आणि प्रत्यय यांसह लिहून घेतल्याशिवाय किमतीची चर्चाच करू नये.

'४ जीबी ग्राफिक्स कार्ड' हा शब्दप्रयोग याहून फसवा. येथे कार्डाचे नावच नाही, केवळ त्याच्या स्मृतीचे माप आहे. निपाणीकरांना मी वखारीचा दाखला देतो. वखार किती पोती मावण्याजोगी आहे यावरून तेथे दिवसाला किती माल निवडून निघतो हे कळत नाही. ते हातांच्या संख्येवर अवलंबून असते. २०१४ सालचे जीटी ७३० हे कार्डही ४ जीबीत मिळते आणि २०१९ सालचे जीटीएक्स १६५० हेही ४ जीबीचेच. पण पहिल्यावर आजचा एखादा मोठा गेम धड चालणार नाही, दुसऱ्यावर बऱ्यापैकी चालेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो : निवडावे कशाच्या आधारे? अकराव्या शतकातील काश्मीरचा क्षेमेंद्र 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात अलंकाराचे सौंदर्य त्याच्या योग्य स्थानावर अवलंबून असल्याचे सांगतो. मला संगणकाच्या निवडीत याहून चांगले सूत्र सापडलेले नाही. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उत्तम असून भागत नाही. कामाशी आणि इतर भागांशी त्याचे नाते जुळावे लागते. बेळगावच्या माणसाला हे नवे वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात याच गावात सायकलच्या दुकानापासून झाली आणि १८८८ हे त्याचे आरंभवर्ष मानले जाते. आजही उद्यमबागेत ओतकाम करणारा आणि कातकाम करणारा एकमेकांची मापे विचारल्याशिवाय काम हाती घेत नाहीत.

कामाची मापे अशी. संगणकशाखेच्या पहिल्या वर्षी सी किंवा पायथन भाषेत लहान आज्ञावली लिहावयाच्या असतात. त्यांस कोणतेही बरे यंत्र पुरते. पुढे विदासंच, यंत्राच्या पोटात दुसरे आभासी यंत्र, मोबाइलचा आभास निर्माण करणारी प्रणाली हे सारे एकाच वेळी उघडे ठेवावे लागते, आणि तेथे रॅम अपुरी पडते. यंत्रशिक्षण हा विषय आला की एनव्हिडियाच्या कार्डाचा उपयोग होतो, कारण त्या कंपनीने २००७ मध्ये आणलेल्या कूडा या व्यवस्थेवर त्या क्षेत्रातील बहुतेक साधने उभी आहेत. यंत्रशाखेच्या किंवा स्थापत्यशाखेच्या मुलाला त्रिमित आराखड्यांसाठी कार्ड तुलनेने लवकर लागते. हे सारे मुलाने आधीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांकडून विचारून घ्यावे, दुकानदाराकडून नव्हे.

गेमची मागणी समजण्यासाठी नाटकाची उपमा पुरे. पडद्यावर हालते चित्र दिसते ते प्रत्यक्षात एकामागून एक उमटणाऱ्या स्थिर चित्रांमुळे. प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसर सूत्रधाराप्रमाणे कोण कोठे उभा आहे, गोळी कोणाला लागली हे ठरवतो, आणि कार्ड नेपथ्यकाराप्रमाणे तो प्रवेश रंगवते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवी असतील तर जेमतेम ६.९. दोघांपैकी जो मंद, त्याच्या गतीने नाटक चालते. म्हणून जुन्या प्रोसेसरला महागडे कार्ड जोडणे आणि उत्तम प्रोसेसरला जीटी ७३० जोडणे ही दोन्ही अनौचित्याची उदाहरणे होत. येथे वडिलांच्या धास्तीबद्दलही सांगितले पाहिजे. वेगवान प्रोसेसर, पुरेशी रॅम, चपळ साठवण, भरवशाचा वीजपुरवठा ही अभ्यासाची आणि गेमची सामाईक गरज आहे. वाद उरतो तो एका कार्डापुरता. मुलाने किती तास खेळावे हा घरातला प्रश्न. तो सुटे भाग निवडून सुटत नाही.

कार्ड हा शब्द आला म्हणून एक जुनी आठवण नोंदवतो. डॉसच्या काळात संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटावीत यासाठीही वेगळे कार्ड बसवावे लागे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ते जिस्ट तंत्र पुण्याच्या सी-डॅकने, म्हणजे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, पुढे वाढवले. आमच्या पिढीला कार्ड म्हटले की देवनागरीच आठवते; नातवंडांना गेम आठवतो.

त्या मुलासाठी अखेर जो निर्णय झाला तो सांगतो. कार्ड तूर्त घ्यायचे नाही. त्याऐवजी २०२४ च्या आरंभी आलेला रायझन ५ ८६००जी हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर घ्यायचा, ज्याच्या पोटातील चित्रशक्तीवर त्याचा आवडता व्हॅलोरंट हा खेळ व्यवस्थित चालतो. यंत्रशिक्षणाचा विषय येईल तेव्हा, आणखी एक हंगाम हाती आल्यावर, कार्ड घालायचे. मुलगा प्रथम हिरमुसला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते : तेवढ्याच पैशात 'एफ' प्रत्ययाचा प्रोसेसर आणि साधे कार्ड घेतले असते तर मोठे गेम आजच चालले असते. पण ते साधे कार्ड दोन वर्षांनी अपुरे पडून पुन्हा खर्च निघाला असता. ज्या घरात पैसा वर्षातून एकदा येतो त्या घरात खरेदीही हंगामाप्रमाणे टप्प्याटप्प्याने करावी, असे माझे मत पडले. ज्यांच्याकडे मासिक वेतन येते त्यांनी हवा तर वेगळा निर्णय घ्यावा.

टप्प्याने खरेदी करायची तर मदरबोर्ड पुढची वाट मोकळी ठेवणारा हवा. एएमडीचा एएम४ हा सांधा २०१६ मध्ये आला आणि बरीच वर्षे चालला. त्यानंतरचा एएम५ २०२२ मध्ये आला असून २०२७ व त्यापुढेही तो चालवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. ८६००जी याच सांध्यात बसतो. इंटेलचे सांधे सामान्यतः लवकर बदलतात. बोर्डावर चार रॅमखाचा आणि साठवणीसाठी दोन एम.२ खाचा असाव्यात एवढे पाहिले. बोर्डावरील दिव्यांची रोषणाई पाहिली नाही.

रॅमबद्दल 'किती' याबरोबर 'किती पट्ट्यांत' हेही लिहून घ्यावे. १६ जीबीची एकच पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या यांची बेरीज सारखी. पण दोन पट्ट्या योग्य खाचांत, म्हणजे बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या की प्रोसेसर दोन वाटांनी वाचतो. ज्याला स्वतंत्र कार्ड नाही त्याची चित्रशक्ती याच रॅममधून उसनवारी करते, त्यामुळे त्याला हा फरक फार जाणवतो. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. मधला काप मुद्दाम वेगळ्या ठिकाणी असतो. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदागारांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. म्हणून आज १६ घेऊन दोन खाचा रिकाम्या ठेवल्या, मात्र एएम५ वर चारही खाचा भरल्यास वेग उतरतो, हे ध्यानात ठेवूनच पुढची भर घालावी. साठवणीच्या बाबतीत साटा जातीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते, एनव्हीएमई जातीची त्याच्या कितीतरी पट. 'एसएसडी' एवढाच शब्द म्हणून अपुरा. ५१२ ऐवजी एक टेराबाइट घेतली, कारण एकेक गेम शंभर जीबीच्या घरात जातो.

आता एसएमपीएस. कोटेशनातील सर्वांत दुर्लक्षित ओळ ती हीच, आणि सीमाभागात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. '५०० वॅट' एवढे कोणत्याही डब्यावर छापता येते; ती शक्ती तो डबा सातत्याने आणि स्थिर दाबाने देतो का, हे छापलेल्या आकड्यावरून कळत नाही. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस कधीही घेऊ नये. २००४ पासून '८० प्लस' नावाची चाचणी आहे. तिच्यातील ब्रॉन्झ श्रेणीचा पुरवठा निम्म्या भारावर सुमारे ८५ टक्के कार्यक्षम असतो. हिशेब सोपा आहे. ८६००जी चा ६५ वॅट, पुढे आरटीएक्स ४०६० सारखे कार्ड घातले तर त्याचे ११५, बोर्ड, पंखे, साठवण मिळून सारे तीनशेच्या आत राहते. म्हणून नामांकित कंपनीचा ५५० वॅट ब्रॉन्झ घेतला.

वीज जाण्याचा प्रसंग आपल्याकडे नवा नाही, विशेषतः पावसाळ्यात. घरी इन्व्हर्टर असला की पालक निश्चिंत असतात. पण वीज गेल्यावर इन्व्हर्टर पुरवठा हाती घेण्यास काही मिलिसेकंद घेतो, आणि तेवढा वेळ संगणक एसएमपीएसच्या पोटात साठलेल्या विजेवर तग धरतो. प्रमाणानुसार चांगला एसएमपीएस १६-१७ मिलिसेकंद टिकतो. हलका त्याआधीच मान टाकतो आणि अर्धा लिहिलेला प्रकल्प जातो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस' अशी खुणेची कळ असते, ती त्या बाजूस ठेवावी. आणि इन्व्हर्टर साइन लहरीचा असावा, चौकोनी लहरीचा अशा एसएमपीएसला मानवत नाही. स्वतंत्र यूपीएस घेतल्यास तेथेही एक वाचनदोष संभवतो. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. सामान्यतः तो ३६० वॅटच्या आसपास असतो. कार्ड नसताना तो पुरे. कार्ड आल्यावर १००० व्हीएचा पाहावा. आणि तीन पायांच्या प्लगचा तिसरा पाय प्रत्यक्ष जमिनीशी जोडलेला आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. शहापुरातील त्या जुन्या घरात तो केवळ शोभेचा निघाला.

कॅबिनेट निवडताना आरजीबी दिवे वगळले आणि पुढच्या बाजूस जाळी, तिच्यामागे काढून धुता येणारी धूळगाळणी एवढे पाहिले. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळ राहणाऱ्यांनी ती गाळणी दर पंधरवड्यास झाडावी. बेळगावचा प्रश्न उन्हाचा कमी, दमट पावसाळ्याचा अधिक. यंत्र महिनोन्महिने बंद ठेवू नये, भिंतीस चिकटवू नये, जमिनीवर तर मुळीच ठेवू नये.

मॉनिटरविषयी मात्र मराठीचा अध्यापक म्हणून माझा आग्रह आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा पडदा २४ इंचांचा असेल तर इंचात सुमारे ९२ बिंदू येतात. तेवढेच बिंदू २७ इंचांवर पसरले की ८२ उरतात. रोमन अक्षरे तेवढ्यात वाचता येतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि त्यावर अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय : बिंदू विरळ झाले की प्रथम यांचाच गोंधळ उडतो. २७ इंच हवाच असेल तर २५६० गुणिले १४४० बिंदूंचा घ्यावा. नाहीतर २४ इंची पुरे. आम्ही २४ इंची घेतला आणि वाचलेले पैसे एसएमपीएसकडे वळवले.

खरेदी कोठे करावी असे निपाणीकर नेहमी विचारतात, कारण कोल्हापूर त्यांना सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव जवळपास ७५. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्याने या सुट्या भागांवर दोन्ही राज्यांत १८ टक्केच कर आहे. करासाठी कोगनोळी ओलांडण्यात लाभ नाही. पाहावे ते हे की हमीच्या काळात भाग बिघडला तर तो कोठे नेऊन द्यावा लागेल. पक्के बिल घ्यावे, त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि तो डब्यावरच्या नव्हे तर प्रत्यक्ष भागावरच्या अंकाशी जुळवून पाहावा. बिल देण्यास कुरकुर करणाऱ्या दुकानातून उठून यावे.

शेवटचा भाग म्हणजे कळफलक. मुलाने त्याच्या आवडीचा, खटखट वाजणारा घेतला. मी हरकत घेतली नाही. फक्त विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा जोडून इन्स्क्रिप्ट मांडणी सुरू करून दिली. भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी ध्वनींच्या क्रमाने केलेली असल्याने रोमन 'के'च्या कळीवर मराठीत 'क' उमटतो आणि भाषा बदलली की त्याच कळीवर कन्नडचा 'क'. अर्धे अक्षर करणारी कळही दोन्हींकडे तीच. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मुलाला कन्नडचा विषय आहेच, तेव्हा बोटांना एकदा लागलेले वळण दोन्हीकडे कामी येईल. 'दऱ्या'मधला अर्धा र कसा काढायचा हे त्याला ठाऊक नव्हते. 'र'च्या कळीवर शिफ्ट दाबून 'ऱ', मग अर्ध्या अक्षराची कळ, मग 'य', असे त्याने दोनदा करून पाहिले, आणि तिसऱ्यांदा न विचारता 'सुऱ्या' लिहिले.